रविवारी भेट, पण किती वाजता आणि कुठे?

प्रश्न : माझी ७ वर्षांची मुलगी पत्नीकडे, कासारवडवलीत असते. मी नेरूळला राहतो. ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा अंतरिम आदेश आहे : ‘वडिलांनी दर रविवारी मुलीला भेटावे.’ दोन महिन्यांत दोनच भेटी झाल्या. कधी ताप, कधी क्लास. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : पोलीस बहुधा कोर्टाचाच रस्ता दाखवतील, आणि मुलीला चौकीच्या बाकावर बसवून हाती काही लागणार नाही. अडचण आदेशाच्या भाषेत आहे. किती वाजता, कुठे, आणायचं कोणी, भेट हुकली तर बदली कधी, यातलं काहीच त्यात नाही. इतक्या मोघम आदेशाचा भंग झाला हे दाखवणंसुद्धा अवघड जातं.

त्याच प्रकरणात आदेश स्पष्ट करून मागणारा अर्ज द्या. मागणी अशी नेमकी लिहा : सकाळी ११ वाजता आई मुलीला अमुक मॉलच्या मुख्य दाराशी आणेल, सायंकाळी ५ वाजता वडील तिथेच सोडतील; अर्ध्या तासापर्यंतचा उशीर चालेल; आजारपण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर; हुकलेली भेट पुढच्या शनिवारी. अर्ध्या तासाची सवलत तुमच्याच कामाची आहे. रविवारी ट्रान्सहार्बर लोकलमार्गावर दुरुस्तीचा मेगाब्लॉक लागला की नेरूळहून ठाणं गाठताना वेळापत्रक कोलमडतंच. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची तेही याच अर्जात घाला, नाहीतर दर सणाला नवा अर्ज. फोनचं विसरू नका : यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं म्हटलं आहे.

पत्नी तयार असेल तर दोघांच्या सह्यांची पुरशिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दाखल करून त्यावर आदेश घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या भांडणात उरत नाही. तोवर दर रविवारी वेळेवर जा, भेट न झाल्यास तेव्हाच साधा मेसेज पाठवा : ‘११ वाजता आलो होतो, भेट झाली नाही, बदली दिवस कळवा.’ टोमणा नको. तो मेसेज उद्या न्यायाधीश वाचणार आहेत. स्पष्ट आदेशानंतरही टाळाटाळ झाली, तर कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १८ खाली अंमलबजावणी मागता येते. शाळेच्या फाटकावरून मुलीला परस्पर उचलून आणण्याचा सल्ला कोणी देईलच. तो ऐकलात तर आहे ती भेटही जाण्याची भीती.

प्रश्न : मुलगा पुढच्या महिन्यात ५ पूर्ण करेल. सासरचे म्हणतात, मग ताबा वडिलांचाच. शिवाय मी त्याला घेऊन ऐरोलीहून खारघरला आले आहे.

उत्तर : वाढदिवसाने ताबा हलत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे ५ वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, एवढंच. पाचनंतर ते आपोआप वडिलांकडे जातं असं कुठेही नाही. कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर. शाळा कोण बघतं, रात्री ताप आला तर कोण जागं असतं, हे पाहिलं जातं. समज आलेल्या मुलाचं मतही विचारात घेतात.

घर बदलल्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. ताब्याचा नवा अर्ज पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम ९ प्रमाणे मूल जिथे सर्वसाधारणपणे राहतं तिथल्या न्यायालयात जातो, आणि नुकत्याच बदललेल्या पत्त्यावर समोरचा वकील हरकत घेणारच. प्रकरण आधीच चालू असेल तर नवा पत्ता आणि शाळा स्वतःहून कोर्टात कळवा, म्हणजे ‘मूल लपवलं’ हा आरोप टिकणार नाही.

प्रश्न : चार महिने पोटगी थकली आहे. भेट थांबवू का?

उत्तर : नको. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज वेगळा द्या. भेटीचा आदेश तोवर लागूच आहे. उलट बाजूलाही हेच : भेट मिळत नाही म्हणून पोटगी अडवता येत नाही.