काळ्या मातीत कोणता पाइप?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे: पाणीपुरवठा

प्रश्न : आमची ग्रामपंचायत निफाड तालुक्यात आहे. विहिरीपासून उंच टाकीपर्यंतची ऊर्ध्ववाहिनी सुमारे साडेचार किलोमीटरची असून ती जवळजवळ सगळी काळ्या मातीतून जाते. जुना पीव्हीसी पाइप दर उन्हाळ्यात फुटतो. नव्या योजनेसाठी कोणी 150 मिलिमीटरचा डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे न तडकणाऱ्या ओतीव लोखंडाचा) पाइप सुचवतात, तर कोणी 160 मिलिमीटरचा एचडीपीई (काळा, चिवट प्लास्टिक पाइप) स्वस्त पडेल म्हणतात. वडीलधारी मंडळींचे मत असे की लोखंड शेवटी गंजणारच. निर्णय कशावरून घ्यावा? (ग्रामपंचायत सदस्य)

उत्तर : नवा पाइप निवडण्याआधी जुना कसा फुटला ते पाहावे. दुरुस्तीच्या वेळी काढलेले तुकडे पंपघराच्या मागे पडलेले असतील, तर ते उचलून नीट न्याहाळा. पाइपाच्या लांबीच्या दिशेने उभी चीर गेली असेल, तर बहुधा आतल्या दाबाने किंवा पाण्याच्या आघाताने तो फाटला आहे. बांगडीसारखा गोल तुटला असेल किंवा सांध्यातून निसटला असेल, तर दोष बहुधा जमिनीच्या हालचालीचा आहे. तुमच्याकडे तो दर उन्हाळ्यातच फुटतो, यावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या हालचालीत पाइप कुठे उचलला जातो, कुठे अधांतरी राहतो आणि वाकून तुटतो. तसे असेल, तर केवळ अधिक जाडीचा पाइप घेऊन तुमचा प्रश्न सुटणार नाही.

दाबाचा हिशेब मात्र करावाच लागतो. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे ढोबळमानाने प्रति चौरस सेंटीमीटर 1 किलो दाब. चढ आणि पाइपातल्या घर्षणात खर्च होणारी उंची मिळून 70 मीटर भरत असतील, तर वाहिनीच्या सुरुवातीला सुमारे 7 किलो दाब आला. त्यात पंप चालू असताना वीज गेली की आघात येतो. प्रति सेकंद 1 मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबले, तर लोखंडी वाहिनीत 100 मीटर किंवा त्याहून जास्त पाण्याइतका जादा दाब येऊ शकतो. एचडीपीईमध्ये तोच आघात 25 ते 30 मीटरच्या आसपास राहतो, कारण त्याची भिंत थोडी ताणली जाते. डीआयला आघात मोठा बसतो, पण तो सोसण्याची त्याची ताकदही मोठी असते. पीव्हीसी या दोहोंच्या मधला आहे, आणि वारंवार बसणाऱ्या आघातांनी तो थकतो. ज्या गावात दिवसातून अनेकदा वीज जाते, तिथे ऊर्ध्ववाहिनीला पीव्हीसी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंजाबद्दल वडीलधारी मंडळी म्हणतात ते अनुभवाचे बोल आहेत. जुन्या नाशकातल्या एका गल्लीत खोदकाम चालू असताना बिडाच्या चार इंची पाइपाचा कापलेला तुकडा मी हातात घेतला होता. आत गंजाचे तांबूस फोड एकावर एक साचले होते आणि मधल्या भोकातून माझी दोन बोटे कशीबशी जात होती. बाहेरून तो पाइप धडधाकट दिसत होता! त्या पाइपाला आतून अस्तर नव्हते. आजच्या डीआय पाइपाला आतून सिमेंटचे अस्तर आणि बाहेरून जस्त व बिटुमेनचा थर असतो, त्यामुळे आतून असे फोड धरण्याची भीती राहत नाही. काळी माती ओलसर आणि क्षारयुक्त असली, तर ती बाहेरून पोखरू शकते. त्यासाठी पाइपावर पॉलिथिनची नळी चढवून मगच तो चरात उतरवावा. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहिलेला आहे का, ते तपासा. तो लिहिलेला नसेल, तर काम करताना सहसा वगळला जातो.

दरांची तुलना करताना एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. एचडीपीईचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो आणि डीआयचा आतल्या व्यासाचा. पीई 100 प्रतीच्या, 10 किलो दाबाच्या 160 मिलिमीटर पाइपाची भिंत साधारण बारा मिलिमीटर असते, म्हणजे पाण्याला वाट 136 मिलिमीटरचीच मिळते. 150 च्या डीआयच्या मानाने तेवढेच पाणी नेताना घर्षण एक तृतीयांशाने तरी वाढते, आणि ते पंपाच्या वीजबिलात वर्षानुवर्षे भरावे लागते. तेव्हा दर प्रति मीटर न पाहता, तेवढेच पाणी टाकीत चढवण्याचा एकूण खर्च मांडायला सांगा.

माझा सल्ला असा : ऊर्ध्ववाहिनी डीआयची, पॉलिथिनच्या आवरणासह घ्यावी. तिच्या रबरी सांध्यांना थोडे वळण चालते, त्यामुळे माती हलली तरी पाइप तुटत नाही. गावातल्या गल्ल्यांमधली वितरणवाहिनी एचडीपीईची ठेवता येईल, कारण तिथे दाब कमी असतो आणि सांधे कमी लागतात. मात्र वेल्डिंग यंत्र आणि ते चालवणारा माणूस तुमच्या गावापासून किती दूर आहे, हे आधी विचारून घ्या. फुटलेल्या जागी पाणी झिरपत असताना एचडीपीईचे वेल्डिंग होत नाही. रात्री अपरात्री ट्यूब गुंडाळून तारेने आवळण्याची वेळ येऊ नये, म्हणून लहान व्यासासाठी हाताने आवळायचे कपलर आणि डीआयसाठी दुरुस्तीचे कॉलर व रबर रिंगा ग्रामपंचायतीतच ठेवाव्यात.

कोणताही पाइप घेतला तरी चराच्या तळाशी दहा सेंटीमीटर वाळूचा किंवा चाळलेल्या मुरमाचा थर हवा, आणि पाइपाच्या भोवतीही मुरूमच भरावा. काढलेली काळी माती तशीच पाइपाला चिकटवून लोटली, तर वरचा सगळा खर्च पाण्यात जातो. रबर रिंगेला साबणासारखे योग्य वंगणच लावावे, इंजिन ऑइल नव्हे, कारण तेलाने ते रबर फुगते व खराब होते. वळणांवर काँक्रीटचे ठोकळे द्यावेत. सांधे उघडे असतानाच कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने चाचणी घ्यावी आणि त्या वेळी ग्रामपंचायतीचे दोघे तरी चराच्या काठावर उभे असावेत. एचडीपीई मे महिन्याच्या दुपारी तापलेला असताना सरळ ताणून टाकू नये. 20 अंशांच्या फरकाने 100 मीटर लांबीत तो 30 ते 40 सेंटीमीटर आकसतो. म्हणून चरात थोडा नागमोडी ठेवून, संध्याकाळी थंड झाल्यावर मगच त्याची टोके जोडावीत.

प्रश्न : त्र्यंबकेश्वर तालुक्यातील आमच्या पाड्यावर डोंगरातल्या झऱ्याचे पाणी उताराने आणायचे आहे. झरा पाड्यापेक्षा सुमारे 140 मीटर उंच असून मधली वाट सगळी कातळाची आहे. काळा प्लास्टिक पाइप जमिनीवरूनच टाकला तर चालेल का?

उत्तर : तात्पुरता चालेल, कायमचा नाही. फाल्गुन-चैत्रात डोंगराला वणवा लागला की उघड्यावरचा एचडीपीई एका दुपारी वितळून जातो. शिवाय गुरांचे खूर आणि घरंगळणारे दगड आहेतच. जिथे चर खोदता येतो तिथे तो पुरावा आणि त्याखाली मुरूम घालावा, कारण कातळाच्या धारेवर टेकलेला प्लास्टिक पाइप त्याच एका बिंदूवर चिरतो. जिथे खोदणे शक्य नाही, तेवढ्या टप्प्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) किंवा पोलादी पाइप काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पक्का बांधून न्यावा.

खालचा नळ बंद असताना पाड्याजवळच्या पाइपात 14 किलो दाब उभा राहील, हे लक्षात ठेवा. वाटेत अर्ध्या उंचीवर एक छोटी उघडी टाकी बांधली, की पाणी तिथे पडते, वरचा दाब तुटतो आणि खाली नव्याने 70 मीटरचाच हिशेब राहतो. सगळीकडे जाड पाइप घेण्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडते. चढ-उताराच्या माथ्यांवर हवेचे व्हॉल्व्ह द्यायला विसरू नका. तिथे हवा अडकली की झरा वाहता असूनही पाड्यावर पाणी पोहोचत नाही.

प्रश्न : नाशिक शहरातील आमच्या सोसायटीची इमारत जुनी आहे. सकाळी नळाला पहिल्यांदा तांबूस पाणी येते आणि नंतर ते स्वच्छ होते. महापालिकेची वाहिनी बदलावी लागेल का?

उत्तर : आधी मीटरजवळचे पाणी आणि घरातले पाणी पहाटे दोन काचेच्या ग्लासांत घेऊन शेजारी ठेवा. मीटरजवळचे स्वच्छ असेल, तर गंज इमारतीतल्या जीआय पाइपांचा आहे. त्यांच्यावरचे जस्त झिजले की रात्रभर थांबलेले पाणी लोखंडाचा रंग घेते. थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) आणि सोलर हीटरच्या गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणारा पीव्हीसी) वापरावा; गच्चीवर उन्हात राहणाऱ्या भागाला रंग किंवा आवरण द्यावे. फक्त खालचे दोन मजले बदलून वरचे जुने ठेवू नका, कारण उरलेल्या जुन्या पाइपांतून तांबूस पाणी येतच राहील. दोन्ही ग्लासांतले पाणी तांबूस दिसले, तर तेच दोन ग्लास घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जा आणि लेखी तक्रार नोंदवा.