पोर्तो ते सांतियागो चालायचं असेल तर

ताई, पोर्तुगालमधल्या पोर्तोहून स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री जाणारा किनाऱ्याचा हा पायी यात्रेचा मार्ग साधारण 280 किलोमीटरचा. एका दमात करायलाच हवा असं नाही. रजा कमी असेल तर स्पेनमधल्या वीगो शहरापासून चाला. तिथून सांतियागो शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि यात्रा केल्याच्या 'कोम्पोस्तेला' प्रमाणपत्राला पायी किमान तेवढे लागतातच.

सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारी सेवा जरूर घ्या. वारीत दिंडीचा ट्रक तळावर आधी पोचतोच ना? त्यात कसला कमीपणा! पाणी, रेनकोट, औषधं, पासपोर्ट आणि शिक्क्यांची पुस्तिका मात्र पाठीवरच हवी. चालल्याचा पुरावा म्हणून तिच्यात रोज दोन शिक्के घ्या. सहल कंपनीतर्फे जाणार असाल तर पैसे भरण्याआधी रोजचं अंतर लेखी मागा. पहिल्याच खेपेला 20 किलोमीटरच्या वर रोज चालवणारा कार्यक्रम मला पटत नाही, पाय तिसऱ्या दिवशी बोलू लागतात.

पोर्तोजवळ लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, पण वारा फार. पोर्तुगालच्या सीमेवरच्या कामिन्या गावी मिन्यू नदी होडीने ओलांडून स्पेनमध्ये जातात. होडीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

सराव साताऱ्यातच होईल: यवतेश्वरचा घाट, आणि तिकडे न्यायचे तेच बूट. शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे मागा.