ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षक सोबत आहेत, असं विद्यार्थ्यांना कसं जाणवेल?

व्हिडिओ चांगले असूनही तुमच्या कोर्समधून विद्यार्थी मध्येच गळतात का? मग आधी अभिप्राय सुधारा. ‘छान, अजून प्रयत्न करा’ हे न वाचताही लिहिता येतं. गुगल क्लासरूमवर असाइनमेंट परत करताना नाव घेऊन लिहा: ‘दुसऱ्या उदाहरणात व्याज सहामाही आहे, तू दर वार्षिकच धरलास. तेवढं बदलून पुन्हा पाठव.’ आपलं काम कुणीतरी खरंच वाचलंय, हे त्यातून लगेच कळतं.

कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या संशोधकांनी ऑनलाइन शिक्षणासाठी २००० साली मांडलेल्या चौकटीत शिक्षकाच्या उपस्थितीत कोर्सची आखणी आणि चर्चेला दिशा देणंही येतं, नुसतं शिकवणं नाही. म्हणून सतत कॅमेऱ्यासमोर असायची गरज नाही. (मुलांना कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती तर मुळीच करू नका, अनेकांच्या घरी स्वतंत्र खोली नसते.) शंकांना उत्तर कधी मिळेल ते आधीच सांगा आणि ती वेळ पाळा. चर्चेत प्रत्येक प्रश्नावर तुम्हीच पहिले बोलू नका, इतरांना संधी द्या.

आठवडाभर कुणी लॉगिन केलं नसेल, तर ‘कुठे अडलंय का?’ एवढा वैयक्तिक मेसेज नक्की टाका. सगळ्यांना एकच सूचना पाठवून ते काम होत नाही.