फिजिक्सची गणितं पद्धतशीर सोडवायला मुलांना कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न असा, की अकरावी-बारावीच्या मुलांना सूत्रं पाठ आहेत, तरी न्यूमेरिकल समोर आलं की पेन थांबतं. मी वर्गात एकच अट घालते: आकृती, धन दिशा आणि नियमाचं नाव कागदावर आल्याशिवाय सूत्र लिहायचं नाही.

आधी वाचन. गोव्यातल्या पेडणे, सत्तरीकडची बरीच मुलं प्राथमिक मराठीतून शिकलेली, पुढे प्रश्न मात्र इंग्रजीत. 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे आरंभवेग शून्य, 'स्मूथ' म्हणजे घर्षण शून्य, 'कॉन्स्टंट व्हेलॉसिटी' म्हणजे निव्वळ बल शून्य. आकडा दिसत नाही म्हणून मुलं ही माहिती 'गिव्हन'मध्ये लिहीतच नाहीत. ती अधोरेखित करून घ्या.

खरी गंमत चिन्हांत आहे. मांडवीच्या पुलावरून दगड १५ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. पाणी २० मीटर खाली आणि गुरुत्वत्वरण १० धरा. पाण्यात कधी पडेल? वरची दिशा धन, म्हणून विस्थापन −२०:

−२० = १५ × काळ − ५ × काळ²

काळ ४ किंवा −१. उत्तर ४ सेकंद. हमखास चूक म्हणजे विस्थापन +२० घेणं. मग पाचाने भागून वर्गमूळाखाली −७ येतं आणि मुलं म्हणतात, गणितच चुकीचं छापलंय! चूक नुसती खोडू नका. ते समीकरण विचारतंय, दगड पुलाच्या २० मीटर वर कधी पोचेल? तो तर ११.२५ मीटरवरूनच परततो. यावर दहा मिनिटं गेली तरी चालतील.

पडताळा दुसऱ्या वाटेने घ्यायला लावा. पाण्याशी वेग १५ − ४० = −२५. ऊर्जेवरून वेगाचा वर्ग २२५ + ४०० = ६२५, म्हणजे पुन्हा २५.

बलांच्या आकृतीत प्रत्येक बाणाला विचारा, 'हे बल कोण लावतंय?' उत्तर नसेल तर बाण पुसा. 'वस्तुमान × त्वरण' नावाचा बाण असाच जातो. उतारावर लंब प्रतिक्रिया वजनाइतकी धरणं ही दुसरी खोड. ती वजन × कोसाइन असते, तीही उताराला लंब दुसरं बल नसेल तरच.

एककं बदलून घ्या, पण आकडे शेवटच्या ओळीतच घाला.

गुण देताना पाचातले तीन आकृती, चिन्हं आणि नियमाला ठेवा. अधूनमधून दहा गणितं अशी द्या, की एवढंच लिहायचं, उत्तर काढायचंच नाही. मुलं कुरकुरतात, क्लासवाले हसतात, द्या तरी.