ग्रंथशंका : तो चोरदरवाजा कोणी पाहिला?

प्रश्न : कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावावर दोन पुस्तकं वाचली. एकात तुर्क उघड्या राहिलेल्या चोरदरवाजातून आत शिरतात. दुसऱ्यात त्या दरवाजाचा पत्ताच नाही. कोणावर विश्वास ठेवावा? आणि हे शहर पडून मसाल्याची वाट बंद झाली म्हणून पोर्तुगीज गोव्यात आले, हे खरं का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : चोरदरवाजाची, म्हणजे केर्कोपोर्ताची, हकिगत एकट्या दुकास या ग्रीक इतिहासकाराची, आणि तो वेढ्याच्या वेळी शहरात नव्हता. व्हेनिसचा वैद्य निकोलो बार्बारो आत राहून रोजनिशी लिहीत होता. तिच्यात हा दरवाजा नाही. लेखकांना तो सोडवत नाही, कारण ६ एप्रिल ते २९ मे १४५३ असा चाललेला वेढा एका विसरलेल्या अडसरावर संपवता येतो. मुळात तट सुमारे २० किलोमीटर आणि लढणारे सातेक हजार. तोफांनी पाडलेली खिंडारं रात्री माती-लाकडांनी बुजवायची. शेवटच्या हल्ल्यात जिनोव्हाचा सेनानी ज्युस्तिनियानी जखमी होऊन मागे गेला, पाठोपाठ त्याची माणसंही गेली आणि फळी फुटली.

पुस्तक घेण्याआधी मागच्या टिपांत स्फ्रांत्झेस हे नाव शोधा. हा बायझंटाईन सम्राटाचा विश्वासू, वेढ्यात हजर. पण त्याच्या नावावर दोन बखरी आहेत. धाकटी त्याची स्वतःची, तिच्यात वेढा थोडक्यात आटोपतो. थोरली सोळाव्या शतकात माकारिओस मेलिसेनोस या धर्मगुरूने फुगवलेली. सम्राटाचं शेवटचं लांबलचक भाषण स्फ्रांत्झेसच्या हवाल्याने दिलं असेल आणि थोरलीचं कूळ सांगितलं नसेल, तर खुशाल कादंबरी म्हणून वाचा. मराठी बखरी चाळणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही.

मसाल्याचं गणित तारखांतच चुकतं. पोर्तुगिजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउटा १४१५ मध्येच घेतलं, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोजादोरचं भूशिर १४३४ मध्ये ओलांडलं. व्हेनिसची मिरी मुख्यतः अलेक्झांड्रिया आणि बैरुतहून जायची, आणि ती बंदरं इजिप्तच्या मामलुक सुलतानांची. ऑटोमन तुर्कांच्या हाती ती आली १५१६-१७ मध्ये. आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला १५१० मध्ये.

प्रश्न : नकाशा नसलेली स्वस्त आवृत्ती चालेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नको. २२ एप्रिलला ऑटोमन सुलतान मेहमेदने खाडीपलीकडच्या गलाता वस्तीमागच्या टेकडीवरून जहाजं ओढत गोल्डन हॉर्न या शहरालगतच्या खाडीत उतरवली. खाडीच्या तोंडाशी लावलेली साखळी कुठे होती हे दिसल्याशिवाय हा खटाटोप कशासाठी, आणि आधीच अपुरी माणसं खाडीकडच्या तटावरही का पांगवावी लागली, ते उमगत नाही.