संगणक शंकासमाधान : डिस्क काढली की विंडोज गायब

प्रश्न : एचपीच्या लॅपटॉपला 120 जीबीची यूएसबी एसएसडी लावून तिच्यावर झुबुंटू 22.04 (लिनक्सची एक आवृत्ती) टाकलं. डिस्क लावलेली असली की सगळं चालतं. काढली की काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ येतं, विंडोज उघडतच नाही. तीच डिस्क दुकानातल्या पीसीला लावली तर बूट होत नाही. विंडोज उडालं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही, जागेवरच आहे. लॅपटॉप सुरू करताना एफ9 दाबत राहा आणि यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. बायोसमध्ये तोच पहिल्या क्रमांकावर ठेवा.

घोळ बूटलोडरचा, म्हणजे संगणक सुरू होताना विंडोज किंवा लिनक्स उघडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा आहे. लिनक्सचा तो ‘ग्रब’. या आवृत्तीचा इन्स्टॉलर, तुम्ही बूटलोडरसाठी बाहेरची डिस्क निवडली तरी, ग्रब आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडर ठेवायच्या छोट्या भागात) टाकतो. त्याच्या बाकीच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर, म्हणून ती काढली की तो अडतो. आणि बाहेरच्या डिस्कवर बूटलोडरच नाही, मग दुकानातला पीसी तिला ओळखणार कसा?

दुरुस्तीत वेळ घालवू नका. झुबुंटू 22.04 ची अपडेटची मुदत एप्रिल 2025 मध्येच संपली आहे. एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप असलेली) आवृत्ती घ्या. रॅम 2 जीबीच असेल तर अँटीएक्स हे त्याहून हलकं लिनक्स. इन्स्टॉलरसाठी 8 जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह लागेल, कारण ज्या डिस्कवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालू आहे तिच्यावरच इन्स्टॉल करणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

एसएसडीवरचा डेटा आधी दुसरीकडे हलवा. जीपार्टेडमध्ये (डिस्कचे भाग पाडायच्या प्रोग्रॅममध्ये) तिच्यावर जीपीटी प्रकारचं पार्टिशन टेबल करा: 512 एमबी फॅट32 (‘बूट’ आणि ‘ईएसपी’ फ्लॅग लावून; हेच ईएफआय पार्टिशन), लिनक्ससाठी 30 जीबी एक्स्ट4, उरलेली जागा एक्सफॅट, म्हणजे विंडोजलाही फाइली दिसतील. स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायचं) पार्टिशन नको. ग्रब कुठे टाकायचा हे एमएक्सचा इन्स्टॉलर विचारतो. तिथे ‘ईएसपी’ निवडून बाहेरच्या डिस्कचंच पार्टिशन दाखवा. नावावर जाऊ नका, आकार बघा. एसडीए-एसडीबी ही नावं दर बूटला बदलू शकतात. लॅपटॉप उघडता येत असेल तर आतली डिस्क तेवढ्यापुरती काढून ठेवणं सगळ्यात बिनधोक.

शेवटी त्या फॅट32 पार्टिशनवर ‘ईएफआय’ फोल्डरात ‘बूट’ आणि त्यात ‘बूटएक्स64.ईएफआय’ आहे का पाहा. परका पीसी फक्त हीच फाईल शोधतो. नसेल तर ग्रबच्या ईएफआय फाईलची प्रत या नावाने तिथे ठेवा आणि बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी बूटलोडर अडवणारी सोय) बंद करा. त्याआधी, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर विंडोज ती मागेल आणि तुम्ही शोधत बसाल.

प्रश्न : 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर एमएक्स टाकलंय. ब्राउझर उघडला की सगळं थिजतं. पावसात लाईट गेली की पुढच्या वेळी चालूच होत नाही.
– एक वाचक, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

उत्तर : ब्राउझर एकसारखं बारीकबारीक लिहीत असतो, आणि स्वस्त पेनड्राइव्ह नेमका तिथेच मार खातो. फायरफॉक्सच्या ‘अबाऊट कॉन्फिग’ या सेटिंगच्या पानावर डिस्क कॅश (पानांच्या तात्पुरत्या प्रती साठवणं) बंद करा, पेनड्राइव्ह निळ्या यूएसबी 3 पोर्टात लावा. खरा फरक यूएसबी 3 केसमधली साधी साटा एसएसडी लावल्यावरच पडेल. लाईट गेल्यानंतर अडलेलं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा आणि त्या पार्टिशनवर, ते माउंट न करता (न उघडता), जीपार्टेडमधलं ‘चेक’ चालवा. डेस्कटॉपला छोटा यूपीएस घ्याच.