मोबाईल काढून घेतला की मुलगा अंगावर येतो

प्रश्न: मुलगा ११ वर्षांचा. मोबाईल काढला की वस्तू फेकतो, धाकट्या बहिणीला मारतो, मी ओरडले की अजूनच पेटतो. काय करू?

उत्तर: ताई, तो भडकलेला असताना समजवायला जाऊच नका, तेव्हा डोक्यात काही शिरत नाही, आधी धाकटीला दुसऱ्या खोलीत न्या आणि शांत आवाजात एवढंच, 'मारायचं नाही', बास. लेक्चर नको. मोबाईल मात्र लगेच परत देऊ नका, आदळआपट केली की मिळतो हेच तो शिकेल. मोबाईल घ्यायच्या १० मिनिटं आधी सांगून ठेवा, निमूट दिला तर तसं बोलून दाखवा (हे आपण हमखास विसरतो). आणि मारामारीपर्यंत गेलंय तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच, मागे एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), चिंता, अपुरी झोप, शाळेतला त्रास काहीही असू शकतं. पालकांसाठीही ट्रेनिंग असतं, दोघंही जा.